संपलं की संपलं

मी हमरस्त्याच्या कडेची लाकडी पाटी बोलतेय, आणि पहिली तक्रार आधी ऐकून घ्या. मी खरं बोलत होते तोवर माझ्यावर कुणी विश्वास ठेवला नाही. गाडी हळू व्हायची, काच खाली यायची, आतली बाई मला वाचायची आणि आतला बाप्या म्हणायचा, "सगळे हेच लिहितात गं, चल." गाडी पुढं, धूळ माझ्या तोंडावर. पुढं मी खोटं बोलायला लागले, तेव्हा मात्र लोक माझ्याशेजारी उभे राहून फोटो काढायला लागले.

जन्मानं मी मोडक्या पलंगाची फळी. सरपणात जायची, पण मळेवालीनं मला उचललं, घासून पुसलं आणि खिडकीच्या उरलेल्या रंगानं माझ्यावर स्वतः अक्षरं काढली. शाळा चौथीपर्यंतची. अक्षर टपोरं, पण जागेचा अंदाज शून्य. 'आमच्याच मळ्यातलं. आजच तोडलेलं.' एवढ्यातच मी भरले. मग 'संपलं की संपलं' हे खाली कोपऱ्यात चेंगरून बसवलं. सगळ्यात महत्त्वाचं तेच, आणि नेमकं तेच कुणी वाचत नसे.

तिची रीत साधी होती. विकेल तेवढंच तोडायचं. औषध फवारायचं नाही. पिशवी ज्याची त्यानं आणायची. पानाला भोकं दिसली की गिऱ्हाईक नाक मुरडायचं, तेव्हा ती म्हणायची, "अळीनं आधी खाऊन बघितलंय. ती मेली नाही, म्हणजे तुम्हीही मरत नाही."

एकदा एका चष्मेवाल्यानं विचारलं, "हे ऑरगॅनिक आहे का?"

"ही भेंडी आहे," ती म्हणाली.

टोपल्या रिकाम्या झाल्या की ती मला फिरवून माझं तोंड भिंतीकडे करायची. पाटी भिंतीकडे म्हणजे विक्री बंद. मग कुणी कितीही गयावया करो, ती मळ्यात निघून जायची. मलाही बरं वाटायचं. दिवसभर रस्त्याकडे बघून डोळे शिणतात हो.

माझ्यावर पहिल्यापासून विश्वास ठेवला तो एका नर्सबाईनं. नोकरीतून मोकळी झालेली, दरवर्षी स्वतः गाडी हाकत लेकीकडे जायची. वाटेत जे पिकतं तेच वाटेत खायचं, हा तिचा नेम. डिकीत स्टोव्ह आणि एक पातेलं. तिला माझी मालकीण आवडायची, कारण दोघींची जीभ सारखीच तिखट.

आणि दुपारी माझ्याजवळ खुर्ची टाकून बसायचे ते मालकिणीचे सासरे. ती त्यांना मामंजी म्हणते. गोड माणूस. जन्मात कुणाला नाही म्हणाले नाहीत. माझं फिरवलेलं तोंड बघून गाड्या परत जायच्या, ते त्यांच्या जिवाला लागायचं.

"एवढ्या लांबून शोधत येतात गं. रिकाम्या हातानं पाठवायचं?"

"मामंजी, नाही ते कुठून देऊ?"

"अगं, थोडं गोड बोलावं माणसानं."

"गोड बोलून टोपली भरते का?"

ती मळ्यात गेली. तेवढ्यात घाऊक बाजाराचा टेम्पो आला. मामंजींनी हात केला, ओळखीच्या ड्रायव्हरकडून क्रेट उतरवून घेतले, भाजी तिच्याच टोपल्यांत ओतली आणि मला पुन्हा रस्त्याकडे फिरवलं. मी किती करकरले! लाकडाचं कोण ऐकतंय?

मग तो रोजचाच धंदा झाला. ती यायच्या आत टोपल्या मोकळ्या, टेम्पो क्रेट घेऊन पसार, मी परत भिंतीकडे. लोभ नव्हता त्यांना, हेही सांगते. त्यांना फक्त लोकांच्या तोंडून 'काय देवमाणूस आहे' एवढं ऐकायचं होतं. आणि लोक म्हणायचेही. भाजी गुळगुळीत, चकचकीत, एक भोक नाही. आता मला कुणी खोटं म्हणत नव्हतं.

यंदा नर्सबाई आली. लेकीकडे जाताना तिनं कोबी मागितला.

"कोबी नाही यंदा. सगळा अळीनं फस्त केला," मालकीण म्हणाली.

परत येताना नर्सबाईला दुपार झाली. माझ्याखाली कोबीचे गड्डे मांडलेले. मामंजींनी तिला सावलीत बसवलं, पाणी दिलं, म्हणाले, "घ्या, सूनबाईनं आत्ताच तोडलाय." नर्सबाईनं एक गड्डा घेतला आणि जवळच्या लॉजवर मुक्काम केला.

सकाळी तोच गड्डा तिनं मालकिणीसमोर ठेवला. चार गाड्या थांबलेल्या.

"यंदा कोबी नाही ना? मग हा काय आभाळातून पडला?"

मालकिणीनं तो फिरवून बघितला. "हा माझा नाही. याला भोक कुठंय?"

"तुमच्या पाटीखालचा आहे. या आजोबांनी दिला. त्यांना नाही बोलत मी. बिचारे, तुम्ही सांगाल तेच करणार."

मालकिणीनं मामंजींकडे बघितलं. नुसतं बघितलं. मामंजी सदऱ्याची गुंडी लावत बसले.

"मला काय कळतंय बाई," ते म्हणाले. "सूनबाई सांगते तसं."

मला वाटलं, आता ती फाडून खाते त्यांना. मी वाट बघत होते. पण तिनं पदरानं हात पुसले आणि म्हणाली, "हो. मीच आणला बाजारातून."

हे मात्र सगळ्यांना एका दमात पटलं. "वाटलंच होतं," कुणीतरी म्हणालं. नर्सबाईनं हातातल्या काकड्या परत टोपलीत ठेवल्या, हळू, आजाऱ्याला निजवावं तशा, आणि गेली.

संध्याकाळी मालकिणीची धाकटी जाऊ तणतणत आली. "कशाला अंगावर घेतलंत? तोंड शिवलं होतं का?"

"म्हाताऱ्याचं आता उरलंय काय? लोक चांगलं म्हणतात, एवढंच ना? ते काढून घेतलं तर उद्या उठायचा नाही तो."

"आणि तुमचं काय?"

"माझं काय. मळा आहे."

आता त्या मळ्यातली भाजी त्याच टेम्पोतून घाऊक बाजारात जाते, साऱ्या गावांच्या भाजीत मिसळते. कुठल्या मातीची, कोण विचारतो? मी पाण्याच्या पिंपावर झाकण म्हणून पडलेय. रंग सुटतोय, अंग फुगलंय, आणि खरं सांगू का, चिडायचंही बळ राहिलेलं नाही. नर्सबाईची गाडी रस्त्यानं जाते, हळू होत नाही.

वाटसरूंनो, मातीजवळचं खायचं असेल तर एवढं करा. जी बाई 'संपलं' म्हणून तोंडावर दार लावते, तिच्याकडे दुसऱ्या दिवशी परत जा.

बाकी मालकीण गप्प राहिली, तो तिचा स्वभाव. मला कुणाची सून म्हणून नांदायचं नाही. नर्सबाई, कधी थांबलीस आणि विचारलंस, तर मी सांगेन. कोबी तिनं नव्हता आणला. मला परत रस्त्याकडे फिरवलं ते तिनं नव्हे, जावेनं नव्हे, टेम्पोवाल्यानंही नव्हे. मामंजींनी.