राखणदाराच्या तोंडी उसना आवाज

मी एक जुनी वहाण आहे. उजव्या पायाची. डावी माझी जुळी बहीण. ती जन्मापासून अबोल, म्हणून दोघींच्या वतीने मीच बोलते. मित्रांनो, आपली कथा सांगायला बसलेल्या वस्तू बहुधा मऊ आवाजात बोलतात. तुमच्या पुस्तकातली ती छत्री, ती पाटी, सगळ्या कशा समजूतदार असतात. मला आज ते जमणार नाही. मी रागावले आहे. का रागावले आहे, ते मात्र नीट, पहिल्यापासून सांगते.

डिचोलीच्या बाजारात कृष्णनाथ नावाच्या कारागिराने मला घडवले. जाड कातडे भिजवून, कुटून, थरावर थर देऊन त्याने माझा तळ केला आणि त्याला लोखंडी खिळे मारले. त्याच्याकडे माणसांच्या वहाणा होत, तशा राखणदाराच्याही होत. पेडणे-डिचोलीकडच्या मुलांना राखणदार कोण हे सांगावे लागत नाही. दूरच्या मुलांसाठी सांगते. गावाच्या वेशीवर तो असतो. हातात दांडा, खांद्यावर घोंगडी, एका हातात पेटती चूड. सगळे झोपले की तो गावाभोवती फिरतो. वाट चुकलेल्या माणसाला घराच्या पायरीपर्यंत आणून सोडतो. एवढे फिरून त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून गाव त्याला नव्या वाहतो. चांगल्या हातभर लांब. देवाचे पाऊल ते, लहान कसे असेल?

मी मात्र त्याच्यासाठी केलेली नव्हते. तुमचे आईबाबा लहान होते त्या काळी बाहेरून एक चित्रपट कंपनी पेडण्याकडच्या पार्शे गावाला आली. त्यांना भीतिपट काढायचा होता. वेशीवरच्या झाडाखाली ठेवलेल्या झिजक्या वहाणा त्यांनी पाहिल्या आणि त्याच चित्रीकरणाला मागितल्या. गावाने नकार दिला. वाहिलेली वस्तू कोणी परत उचलते का? तेव्हा कृष्णनाथने अगदी त्याच मापाच्या आम्हा दोघींना घडवून कंपनीला दिले. देताना त्याने विचारले, "घालतलो कोण?"

घालणार होता बाबली. पार्शाचाच गडी, दशावतारी नाटकात कामे करणारा, उंच, रुंद खांद्यांचा आणि अतिशय प्रेमळ डोळ्यांचा. आमच्यात त्याचा पाय सैल पडे म्हणून तो फडके कोंबून आम्हाला घाली. त्याला सांगण्यात आले की तुला राखणदाराचे काम करायचे आहे. रानात वाट चुकलेली दोन मुले रडत आहेत आणि तू झाडाआडून पुढे येतोस. त्यावर काय बोलायचे, असे त्याने विचारले. दिग्दर्शक घाईत होता. तुमच्याकडे राखणदार जे बोलत असेल ते बोल, म्हणाला.

म्हणून बाबली पुढे आला आणि हळू आवाजात बोलला, "भियां नकात, पोरांनू. मी आसंय."

भिऊ नका, मी आहे. एवढेच. मी त्याच्या पायात होते, मी ऐकले. ती रडायचे काम करणारी मुले क्षणभर खरेच रडायची थांबली होती. दिग्दर्शकाने वैतागून त्यांना पुन्हा रडायला लावले.

पुढे कंपनी निघून गेली. आवाज नंतर दूर कुठेतरी भरले गेले. त्यांच्या लेखी वेशीवर फिरणारा, झिजक्या वहाणांचा, काळोखातला माणूस म्हणजे भूतच. त्यांनी बाबलीचा आवाज काढून टाकला आणि तिथे एक घोगरी आरोळी बसवली. 'तुमच्या नरड्याचा घोट घेतल्याशिवाय हा सैतान माघारी फिरणार नाही!' चित्रपटाचे नाव ठेवले 'वेशीवरचा सैतान'.

कॅसेट गावात आली. लोक हौसेने एका घरी जमले. बाबली आपली सहा वर्षांची मुलगी मालती हिला मांडीवर घेऊन बसला होता. पडद्यावर तिचा बाबा झाडाआडून आला आणि मुलांचे नरडे मागू लागला. मालती मांडीवरून उतरली. पुढे कितीतरी दिवस तिने त्याच्या हातची पेज घेतली नाही. तो अंगणात आला की ती आईच्या लुगड्याआड जाई. आमच्या राखणदाराला खुनी केलास, असे म्हणून गावातल्या जाणत्यांनी त्याला फैलावर घेतले. आपण तसे बोललोच नाही, हे तो सांगत राहिला. पण कॅसेटमधून आवाज येत होता ना! त्यापुढे त्याचे कोण ऐकणार? त्याने नाटकातली कामे सोडली, काजूच्या बागेत राबू लागला आणि आम्हाला घोंगडीत गुंडाळून माळ्यावर टाकले. मालती मोठी झाली, तिला सारे समजले, ती बापाला फार जपू लागली. पण ती वर्षे गेली ती गेलीच.

आता ऐका, मला कोणाचा राग आला ते.

हल्ली तो चित्रपट मोबाईलवर तुकड्या-तुकड्याने फिरतो. पडला तेव्हा कुत्रे विचारत नव्हते, आता त्याला 'कल्ट' म्हणतात. चित्रपट जितका फसलेला, तितके त्याचे भक्त जास्त, असा काहीसा तो प्रकार आहे. पणजीच्या रुद्रेश नावाच्या तरुणाने अशा भक्तांचा एक गट केला आहे. गेल्या महिन्यात ही मंडळी पार्शाला आली. जिथे चित्रीकरण झाले तिथेच, गावच्या सभागृहात, त्यांना चित्रपट दाखवायचा होता. आणि बाबलीला मंचावर आणायचे होते. आमच्यासकट.

बाबलीने आम्हाला माळ्यावरून काढून तेल लावले आणि सोप्याच्या पायरीवर ठेवले. वर मंडळींची चर्चा रंगली. मी सगळे ऐकले. एक म्हणाला, खरे भय न दाखवण्यात असते, भूत दिसले की भीती संपली. दुसऱ्याचे मत पडले की रबरी वटवाघळे हीच या चित्रपटाची शान, ती नसती तर आपण आलो असतो का? तिसऱ्याला मध्यंतरापूर्वीचा भाग थोर वाटत होता आणि नंतरचा बकवास. गौरवी नावाची मुलगी जरा गंभीर होती. तिने या चित्रपटावर लांबलचक लिहिले होते. तिचे म्हणणे, झाडाआडून वहाणा येतात ते दृश्य उत्तम आहे, पण चेहरा दिसला की सगळे बिघडते. त्या नटाचे डोळे भुताचे नाहीत, निवड चुकली.

आणि सगळ्यांचा लाडका विनोद एकच. सैतानाचे तोंड मिटते तरी आरोळी चालूच राहते. 'बंद तोंडाचा सैतान' असे नाव त्यांनी बाबलीला ठेवले होते. ते नाव सदऱ्यांवर छापले होते. तो सदरा घालून ते बाबलीच्याच सोप्यावर त्याचा चहा पीत होते.

कोणालाही वाटले नाही की विचारावे, बाबा, तोंड मिटण्यापूर्वी तू काय बोलला होतास?

बाबली भोळा. त्याने रुद्रेशला विचारले, "थंय माका उलवाक देतलात मगो?"

"तर काय सर! तुमची ती आरोळी तुम्हीच मारायची. लोक वेडे होतील."

उलवाक म्हणजे बोलायला. एवढे एकच ऐकून बाबली तयार झाला. मात्र मालतीची मुलगी, आपली नात सेजल, हिला चित्रपट दाखवायचा नाही, असे त्याने घरात निक्षून सांगितले. सेजल सात वर्षांची. सुटीला आली की आजोबांचे बोट सोडत नाही. मालतीचे लहानपण त्याच्या हातून निसटले होते. आता सेजलनेही पाठ फिरवली तर?

शनिवारी संध्याकाळी सभागृह भरले. गावातली सगळी मुले पुढच्या रांगेत घुसली आणि त्यांच्यात सेजलही होती. सासरहून येणाऱ्या मालतीची बस उशिरा आली, ती पोचेपर्यंत चित्रपट निम्मा झाला होता. बाबली मंचाच्या कडेला खुर्चीवर होता. त्याने सेजलला पाहिले, तेव्हा झाडाचे दृश्य सुरू झाले होते.

पडद्यावर आम्ही आलो. मग बाबलीचा चेहरा आला. सभागृहाने एका सुरात आरोळी ठोकली, "तुमच्या नरड्याचा घोट!" हशा, शिट्ट्या, टाळ्या. सेजल हसत नव्हती. ती पडद्याकडे पाही आणि कडेच्या खुर्चीकडे पाही.

रुद्रेशने चित्र थांबवले आणि बाबलीला मधोमध उभे केले. हातात माईक दिला.

बाबली म्हणाला, "मी तेदना काय बोललंय, तां सांगतंय."

"आवाज! आवाज!" मागून ओरडा झाला. कोणी म्हणाले, म्हाताऱ्याने दात लावले नाहीत वाटते. सदरेवाले पाय आपटू लागले. बाबलीने पुन्हा तोंड उघडले. शब्द त्या गोंगाटात बुडाला. मित्रांनो, मी त्याच्या तळपायाखाली होते. माणूस लाजेने आतल्या आत कसा आक्रसतो, ते वहाणेला चेहऱ्याआधी कळते. त्या क्षणी मला माझे सगळे खिळे उपटून त्या सदऱ्यांवर फेकावेसे वाटले. ज्या माणसाचा आवाज एकदा चोरीला गेला, त्याला बोलावून, खुर्ची देऊन, ते पुन्हा चोराच्याच आवाजात बोल म्हणत होते. आणि याला प्रेम म्हणत होते!

तेवढ्यात मालती बाजूच्या जिन्याने मंचावर आली. तिने स्पीकरची वायर खेचून काढली आणि रुद्रेशसमोर उभी राहिली.

"लाव परत. आवाजाबगर लाव. आणि तोंड मिटता म्हणान हसतात नाय तुमी? मगे तोंडाक बघा."

रुद्रेश हसून काहीतरी समजावू लागला. मालतीने त्याच्याकडे असे पाहिले की त्याने मुकाट्याने दृश्य मागे नेले.

पडद्यावर बाबली झाडाआडून आला. पडद्यावरच्या तरुण बाबलीचे ओठ हलले आणि मंचावरचा म्हातारा बाबली माईक खाली धरून, साध्या आवाजात बोलला, "भियां नकात, पोरांनू. मी आसंय."

ओठ आणि शब्द बरोबर जुळले. भ ला ओठ मिटले, प ला मिटले, म ला मिटले. आणि जिथे शब्द संपला, तिथेच तोंड बंद झाले.

मागच्या बाजूला बसलेल्या गावच्या बायांपैकी कोणीतरी मोठ्याने नाक ओढले. त्या सर्वांनी ती कॅसेट तेव्हा पाहिली होती. आता मंडळी समजतील, असे मला वाटले. तर एक सदरेवाला शिट्टी घालून म्हणाला, "हे तर आणखी भारी!" आणि रुद्रेश खिशातून मोबाईल काढत पुढे आला. "सर, हेच परत एकदा कराल? रेकॉर्ड करतो."

पाहिलेत? माणसाने काळीज काढून दाखवले, तर यांना तोही एक गमतीचा तुकडा. बाबली मंचावरून उतरला. गौरवी मात्र त्याच्यामागून बाहेर आली. तिने मोबाईल काढला नाही. त्या दृश्यात तुमचे आणखी काय होते, असे तिने विचारले. बाबली वाटेत थांबला आणि मुलांना घरी पोचवण्याचा पुढचा प्रसंग, जो कंपनीने कापून टाकला होता, तो तिला बराच वेळ सांगत राहिला. भीतिपट आवडणारी माणसे वाईट नसतात, एवढे मला तिच्यामुळे कबूल करावे लागते. पण तिच्यासारखी एकच निघाली, हेही मी विसरणार नाही.

मित्रांनो, तुम्हीही मोबाईलवर असले तुकडे पाहता. हसा, जरूर हसा. वटवाघूळ रबरी असेल तर त्याला काय वाटायचे? पण पडद्यावर माणूस दिसला, तर त्याला नाव ठेवण्यापूर्वी एवढे विचारा की हा आवाज त्याचाच आहे ना. माझे कातडे वर्षातून एकदा तेल लावले तरी टिकते. माणसाची अब्रू तशी टिकत नाही, तिला रोज जपावे लागते, आणि ती दुसऱ्यांनीच जपायची असते.

घरी आल्यावर बाबली अंगणातच घुटमळला. आत जाऊन नातीसमोर उभे राहायचा त्याला धीर होईना. सेजल मालतीबरोबर आधीच पोचली होती. जेवणे व्हायची होती. तिला परसातल्या न्हाणीकडे जायचे होते आणि तिथला दिवा गेला होता. मालती टॉर्च घेऊन निघाली, तर सेजल तिच्याबरोबर जायला तयार होईना. तो सैतान येईल म्हणाली. ती पुढच्या दारी आली आणि बाबलीचे बोट धरून त्याला ओढत मागच्या दारी घेऊन गेली.

"आजो, तू हंय उबो रव. मी येयसर हलाचा नाय."

बाबली उभा राहिला. डास चावत होते, तरी त्याने पाय उचलला नाही. थोड्या वेळाने आतून आवाज आला, "आजो, गेलंस?"

"खंय जातलंय गे," बाबली म्हणाला.