कुआंग सरांचा राजपेला

चीनमध्ये जिंगझोऊजवळ हान काळातलं, दोन हजार वर्षांपूर्वीचं एक थडगं आम्ही उघडलं, तेव्हा गाळाच्या पाण्यातून लाखेचं एक भांडं वर आलं. तोंड पसरट, मान आखूड, आतून लालभडक. आमचे पथकप्रमुख कुआंग सर बघताक्षणीच म्हणाले, "राजपेला. इथे पुरलेला सरदार यातून पितरांना मद्य अर्पण करायचा."

प्रयोगशाळा माझ्याकडे. मी म्हटलं, "सर, बुडावरचा गाळाचा थर अजून निघालेला नाही. खाली काही लिहिलं असेल. इन्फ्रारेडखाली बघू, मग बोलू."

"निए, तुझ्या कॅमेऱ्याची वाट बघत बसलो तर मी निवृत्त होईन."

त्यांचा लेख छापून आला. तालुक्याचे उपप्रमुख ओऊयांग साहेब खूश झाले. पर्यटकांना विकायला म्हणून त्यांनी हुबेहूब पेले बनवून घेतले आणि मेजवानी ठेवली. कमळकाकडीचं सूप, माशाच्या वड्या, आणि त्या पेल्यांतून ज्वारीची कडक दारू. कुआंग सर टेबलाटेबलाशी जाऊन आग्रह करत होते, "एका घोटात, सरदारासारखं." साहेब प्यायले. सरांचं मन मोडवेना म्हणून मीही प्यायले.

पुढच्या आठवड्यात बूड साफ झालं. पडद्यावर अक्षरं उमटली. मी सरांना बोलावून घेतलं. भांड्याच्या मालकानेच लिहवून ठेवलं होतं: थुंकण्याचं भांडं. पिकदाणी.

सरांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. "अक्षर पुसट आहे."

"नाही सर, चांगलं ठसठशीत आहे."

"दुसरं काही वाचता येणार नाही?"

"थुंकीला दुसरं काय वाचणार?"

ते खुर्चीत बसले. चेहरा इतका उतरला की मला कीव आली. वाटलं, आता चूक कबूल करतील. पण त्यांनी आधी ओऊयांग साहेबांना फोन लावला. पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता. "मी पिकदाणीतून प्यायलो, हे बाहेर पडलं तर बघा. तुम्ही विद्वान आहात ना? मग काढा काहीतरी मार्ग."

सरांनी मार्ग काढला. हान काळात थुंकणं हाच पितरांपुढचा एक पवित्र विधी होता, असा दुसरा लेख त्यांनी लिहिला. परिषदेत एका म्हाताऱ्या संशोधक बाईंनी शांतपणे विचारलं, "आधी प्यायचे आणि मग थुंकायचे, की उलट?"

"त्यावर माझं संशोधन चालू आहे," सर म्हणाले.

टाळ्या पडल्या. त्याच संध्याकाळी त्यांना प्राचीन लेख वाचणाऱ्या समितीचं अध्यक्ष केलं. आता माझ्या कॅमेऱ्याला काय दिसलं, ते ही समिती ठरवते.