वेत भिजेपर्यंत

पुडीमामा शिंकले तरी त्याची गोष्ट व्हायची, आणि गोष्टीत ती शिंक देवाला आलेली असायची.

धंदा खुर्च्या विणण्याचा. वेताची बैठक अशी ताणून विणत की वर बसलेल्या पाहुण्याला उठवावं लागायचं. पण खरं कसब जिभेचं. रविवारी उपासना सुटली की चर्चच्या आवारात मामा सुरू.

"परवा देव स्वतः दुकानात आला. म्हणाला, मामा, सिंहासनाची बैठक सैल झालीय, बसलं की रुतायला होतं. मी म्हटलं, प्रभू, कामाची गर्दी आहे, मंगळवारी या."

"देवाला मंगळवारचा वायदा?" पाळकसाहेब हसू दाबत विचारायचे.

"मग? आपण त्याची निवडलेली माणसं! एवढी सलगी चालते."

मामी मागे चपलांकडे बघत उभी असायची. "चला आता. वेत भिजत घालायचाय."

वेत भिजवणं तिचं काम. सुका वेत वाकवला की कडकन मोडतो. रोज सकाळी ती मागच्या खोलीत टबाशी स्टूल घेऊन बसे, वर येणारा वेत हातानं पाण्यात दाबून धरी. ओठ हलत असत.

"काय पुटपुटतेस? वेताला पाढे शिकवतेस?"

"हो. तुमच्यापेक्षा लवकर शिकतो तो."

मग मामी आजारी पडली. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं, आणि ते का सांगितलं हे न कळण्याइतके मामा खुळे नव्हते. त्यांनी जिभेचा पट्टा दुप्पट सोडला. स्वर्गात तिच्यासाठी कोणती खोली झाडून ठेवलीय, खिडकी कुठं उघडते, सगळं सांगून झालं. एका दुपारी तिनं मधेच थांबवलं.

"अहो, एक विचारू? तो गप्प बसतो, तेव्हा तुम्ही काय करता?"

मामांच्या गोष्टींतला देव कधी गप्प बसलाच नव्हता. मामांनी त्याला तशी उसंतच दिली नव्हती.

"माझ्याशी? गप्प? छे!"

ती हसली, मग बराच वेळ खोकत राहिली. "माझ्याशी बसतो गप्प. आपलं लेकरू गेलं तेव्हा वर्षभर बसला. मीही रुसून बसले. वेत तेवढा भिजायचा. पण तो उठून गेला नाही. मग हळूहळू कळायला लागला मला. अजून पुरता कळलेला नाही."

लेकरू गेलं त्या आठवड्यातही मामांनी आवारात गोष्ट सांगितली होती. देवाच्या खांद्यावर बसलेलं पोरगं त्याचे कान ओढतंय, अशी. बायका डोळे पुसत हसल्या होत्या. एकटे मामा रडले नव्हते.

"भीती वाटते का गं?"

"माझं काय! मला ओळखतो तो. काळजी तुमची आहे. निवडलेली माणसं म्हणून गावभर मिरवलात, अन् ज्यानं निवडलं त्याच्याशी एकदा धड बोलला नाहीत. माझ्यामागं तुमची ओळख कोण करून देणार?"

मामांनी तोंड उघडलं. एकही गोष्ट आली नाही. ते तिचा हात धरून बसले. हात अजून टबातल्यासारखाच गार होता.

त्याच आठवड्यात ती गेली. कबरीपाशी पाळकसाहेबांनी विचारलं, "मामा, दोन शब्द?" मामांनी नुसती मान हलवली. परतताना कुणीतरी कुजबुजलं, "म्हाताऱ्याची जीभ तिनं सोबत नेली."

काही दिवसांनी मामा अर्धवट खुर्ची घेऊन बसले. वेत वाकवला, मोडला. दुसरा घेतला, तोही मोडला. "हलका माल!" म्हणून वेतवाल्याच्या नावानं ओरडले, आणि तिसऱ्यापाशी हात थांबला. माल हलका नव्हता. सुका होता. भिजवणारं माणूस घरात नव्हतं.

मामा जमिनीवर बसून रडले. लेकराचं राहिलेलंही त्यातच निघालं.

मग उठले. टब भरला, वेत सोडला, तिचं स्टूल ओढलं. वेत वर येऊ लागला, तसा हातानं दाबून धरला. खोली गप्प होती. सवयीनं जीभ वळवळली, "परवा काय झालं, प्रभू..." आणि थांबली. परवा काहीच झालं नव्हतं.

बऱ्याच वेळानं मामा पाण्याकडे बघत म्हणाले, "तू मला ओळखत नसशील. मी तिचा नवरा."

कुणी उत्तर दिलं नाही. मामा उठले नाहीत. वेत अजून कडक होता.