न सापडलेल्याचं बारसं

आमच्या घरात सरळ कोणी विचारत नाही. पाळत ठेवतात.

लग्नाला आठ-नऊ वर्षं झाली, मूल नाही. मखमलाबादच्या आमच्या मळ्यात माझी एवढीच ओळख. शेवंती मी तोडते, बाजारासाठी हार मी बांधते, आणि आकाशातलं जे काही कळतं ते फोनवर बघून माझं मी शिकले. ते कोणी धरत नाही. उपास मात्र सगळ्यांनी मोजून करायला लावले.

यादव सर म्हणजे निवृत्त शिक्षक. त्यांचं आकाश बघणाऱ्यांचं मंडळ आहे, रविवारी मी जाते. विज्ञान दिनाला शाळेत एक गंमत करायचं त्यांनी ठरवलं. नेपच्यूनच्याही पार पलीकडे एक मोठा ग्रह असावा, असं काही शास्त्रज्ञांना वाटतं. पाहिलेला कोणीच नाही. पण तिकडचे बर्फाचे गोळे एकाच बाजूला कलून फिरतात, म्हणजे त्यांना कोणीतरी ओढतंय. दुसरे शास्त्रज्ञ म्हणतात, तसं काही नाही, तुम्ही जिकडे दुर्बीण लावली तिकडचंच तुम्हाला दिसलं. तर पोरांनी हा ग्रह मनानं रंगवायचा आणि पाळण्यात काळा चेंडू ठेवून त्याचं बारसं करायचं. मंडळातल्यांना देवाचं नाव हवं होतं. मी म्हटलं, देव पुष्कळ झाले. लपून बसलाय, नाव ठेवा दडी.

पाळणा आणायचं काम माझ्याकडे आलं. माझ्या नवऱ्याचा, हर्षलचा, लहानपणचा पाळणा आमच्या माळ्यावर होता. मी सासूबाईंना विचारलं, माळ्यावरचा पाळणा धड आहे का.

सासूबाई, म्हणजे लंकाबाई, हार ओवत होत्या. सुई तशीच थांबली. कशाला हवाय, एवढंही त्यांनी विचारलं नाही. तिसरा महिना सरेपर्यंत तसलं बोलायचं नसतं, दृष्ट लागते. दुसऱ्या दिवशी माझ्या हातातली बादली काढून घेतली. घरातली पपई गायब. मी हौदापाशी मंडळातल्या दिशाशी फोनवर बोलत होते, की अजून दिसला नसला तरी आहे नक्की, नाव आत्ताच ठरवून ठेवू. मागे सासूबाई कोथिंबीर धूत होत्या. त्यांनी नळ बंद केला.

काय चाललंय ते माझ्या ध्यानात आलं, तेव्हा मी सांगितलंही, "आई, तसं काही नाही."

"बरं बरं. नसू दे," त्या हसून म्हणाल्या. सुरुवातीला सगळ्याच बाया नाही म्हणतात.

मग त्यांनी हर्षलला सांगितलं. तो एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात कंत्राटावर आहे, नुकताच ड्युटीवरून आला होता. मी अंगणात फुलं निवडत होते, दारातून त्याचं तोंड दिसत होतं. एवढ्या वर्षांनी बाप होणार म्हटल्यावर माणूस हसेल, रडेल, काही तरी करेल. हा भिंतीला टेकून उभा राहिला. माझ्याकडे आलाच नाही.

त्या दिवसापासून चौकशा सुरू. यादव सरांचं वय काय? मंडळात बाप्ये किती? रविवारी घरी सोडतं कोण? मी आंघोळीला गेले की फोन जागेवरून हललेला असायचा.

मला राग आला, आणि रागाच्या आतून एक शंका आली. पोर होणार म्हटल्यावर बायकोवर संशय कोण घेतो? मी मागचं आठवायला लागले. माझ्या तपासण्या सगळ्या चांगल्या. त्याच्या तपासणीचा विषय काढला की म्हणायचा, देव देईल. मागच्या दिवाळीत मनमाडला मित्राकडे म्हणून गेला आणि तोंड पाडून आला. तेव्हापासून देवाचंही नाव काढलं नाही. सगळे गोळे एकाच बाजूला कललेले. तरी मी स्वतःला म्हटलं, उज्वला, तू बघतेसच तिकडं, म्हणून तुला दिसतंय. थांब.

थांबले. तेवढ्यात चांदवडहून नणंद आली, तेजस्विनीताई. हातात स्वतः शिवलेली कुंची, नाकावर राग. भर दुपारी ओट्यावर सगळ्यांसमोर तिनं मला धरलं.

"वहिनी, नाव ठेवायचा मान आत्याचा असतो. तुम्ही फोनवर परक्यांशी ठरवून मोकळ्या?"

"ताई, ते नाव ग्रहाचं आहे," मी म्हटलं, आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. शाळा, चेंडू, पाळणा.

"नऊ ग्रह हायेत की," सासूबाई म्हणाल्या. "तुझ्यापायी त्यांची शांत करता करता कंबर मोडली. हा आनिक कुठला?" मग एकदम त्यांना उमगलं. "म्हंजी पोटात काहीच नाय?"

"काहीच नाही."

त्यांनी डोळ्यांना पदर लावला. ताईनं कुंची तोंडाला लावली, तिचे खांदे हलायला लागले. मी दोघींकडे बघतच नव्हते. मी हर्षलकडे बघत होते. त्यानं मोठा श्वास सोडला. कित्येक दिवसांनी त्याचा चेहरा सैल झाला.

"तुम्ही तपासणी करून आलात," मी म्हटलं. "मनमाडला."

"कसली तपासणी?"

"घरात दोघी रडतायत आणि तुम्हाला हायसं वाटलं. मूल तुमचं असूच शकत नाही, हे तुम्हाला आधीच माहीत होतं. म्हणून माझा फोन उघडलात."

त्यानं चपलेकडे बघितलं. "सांगणार होतो," म्हणाला.

"कधी? माझे सोळा सोमवार संपल्यावर?"

सासूबाईंनी रस्त्याकडे बघितलं. "हळू बोल," त्या मला म्हणाल्या. "शेजारी ऐकतील."

त्याला नाही म्हणाल्या. मला.

मी माळ्यावर चढले आणि पाळणा खाली काढला. धड होता. सासूबाई पुटपुटल्या की रिकामा पाळणा हलवू नये. मी शाळेसाठी काळा रंगवून ठेवलेला चेंडू उचलून आत टाकला आणि एक बाजू धरून तो ओढायला लागले.

दुसरी बाजू उचलली गेली. तेजस्विनीताई होती.

"काय ठरलंय नाव?" तिनं नाक पुसत विचारलं.

"मी तर दडी म्हटलंय."

तिनं मान वळवून भावाकडे एकदा बघितलं. मग कुंची चेंडूवर घातली आणि पाळणा नीट धरला.

"चला. कानात मीच सांगणार."