लांब-आखूड पानांचं पुस्तक

वाकडी कड दिसली की भाचीचे हात शिवशिवायचे. बाइंडिंगचा धंदा, दुसरं काय! मामींनी मामांचं पुस्तक दुरुस्तीला दिलं, तिने सुटलेली पाठ शिवली आणि जाता जाता एकाआड एक लांब-आखूड असलेली पानं कटिंग मशीनखाली घालून सरळ करून टाकली. मामांना मेली कात्री कधी धड धरता आली नाही, असं मनात म्हणालीसुद्धा.

तेवढ्यात मामींचा फोन आला. "कडांना हात लावू नकोस हं. सगळी गंमत त्यातच आहे."

भाचीने मशीनखाली पडलेल्या कपट्यांकडे पाहिलं.

मामा चित्रकार, संशोधक आणि पक्के चक्रम. पायडल मारून उडायचं यंत्र जन्मभर बनवलं, ते गच्चीवरून तसूभर हललं नाही. मग ते पुस्तकात उडवलं. चित्रं स्वतः काढली, पदरमोड करून स्वतः छापली, आणि कागद कमी पडला म्हणून जवळजवळ सगळ्या प्रती यंत्राच्या पंखांना चिकटवल्या! ही एकच वाचली. पुढून पानं फरफर सोडली की लांब पानांवरचे मामा उडत, यंत्रावरची मागची जागा रिकामी. मागून सोडली की आखूड पानांवरच्या मामी खुर्चीत बसून विणकाम करत. मामा गेल्यापासून मामी रोज त्यांना उडताना बघायच्या. आता कडा सारख्या झाल्यामुळे सगळी खिचडी झाली होती.

भाची पुस्तक घेऊन गेली आणि दारातच बोलून मोकळी झाली. "मामी, मी घात केला. पानं कापली."

मामी मटकन खाली बसल्या. त्यांनी पुस्तक मांडीवर ओढलं. सवयीने अंगठा पानांवर गेला. मामा, मामी, मामा, मामी, पानं भरभर सुटली आणि दोन्ही चित्रं एकात एक मिसळली. मामा पायडल मारताहेत आणि त्यांच्या पाठीमागे, यंत्राच्या रिकाम्या जागेत अगदी मापात, मामी विणत बसल्या आहेत!

"अगं बाई!" मामींनी पुन्हा पानं सोडली. "मागची जागा माझी होती? आणि मी जन्मभर भांडले गं, तुम्हाला एकट्यालाच उडायचंय म्हणून! पण हे एका शब्दाने बोलले नाहीत."

त्या डोळे पुसत खो-खो हसायला लागल्या. भाचीच्या छातीवरची धोंड उतरली आणि तिला रडूच फुटलं.

"रडतेस काय वेडे? बाजूला सरक, उजेड अडतोय," मामी म्हणाल्या. "आम्हाला परत उडायचंय."