इस्त्रीने भाजलेला टेबलक्लॉथ

मी डोंबिवलीच्या सुमतीबाईंचा टेबलक्लॉथ बोलतोय. कापडाचा नाही हं, प्लास्टिकचा! निळा, पांढऱ्या फुलांचा. १९५६ साली सुधीररावांनी मला ठाण्याच्या बाजारातून आणलं, तेव्हा शेजारीपाजारी मला हात लावून बघायला आले होते. माझी ऐट काही विचारू नका.

सुमतीबाई रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेल्या, पण लग्नानंतर आठ वर्षं घरातच. मग मुलींच्या शाळेत शिक्षिकेची जागा निघाली. मुख्याध्यापिका चित्राबाई म्हणाल्या, "रविवारी चहाला येते, तेव्हाच बोलू." झालं! घर लख्ख झालं. माझ्या घड्या मात्र मोडेनात, म्हणून सुमतीबाईंनी घाईघाईत कोळशाची इस्त्री फिरवली. चर्र झालं, उग्र वासाने सगळे खोकले आणि माझ्या पोटावर तपकिरी डाग उमटला.

"आणि म्हणे रसायनशास्त्र शिकवणार!" सुमतीबाई रडकुंडीला आल्या.

"अगं, त्यावर चिवड्याची बशी ठेव," सुधीररावांनी तोड काढली.

रविवारी चित्राबाईंना चिवडा इतका आवडला, की त्यांनी बशीच हातात घेतली आणि खालचा डाग उघडा पडला.

"हे काय झालं?" त्यांनी विचारलं.

"ते दुकानातूनच तसं..." सुधीरराव पुटपुटले.

"नाही बाई, मीच इस्त्री केली," सुमतीबाई म्हणाल्या. मला वाटलं, गेली नोकरी!

"मग डाग का पडला, सांगा."

सुमतीबाईंनी पदर खोचला. "या प्लास्टिकमधले कार्बनचे अणू एकमेकांना धरून रांगेत आहेत, आणि बाजूला हायड्रोजन नि क्लोरीनलाही धरून आहेत. त्यांची हायड्रोजनवरची पकड सगळ्यांत घट्ट, आपसांतली त्याहून कमी, आणि क्लोरीनवरची सगळ्यांत ढिली. तापलं की आधी क्लोरीन सुटतो. जाताना शेजारचा हायड्रोजन घेऊन जातो. दोघांचं मिळून हायड्रोक्लोरिक आम्ल होतं, त्याचाच वास आला."

"पण हायड्रोजनची पकड घट्ट ना? मग तो कसा निघाला?"

सुमतीबाईंनी माझ्या डागावरून बोट फिरवलं.

"क्लोरीन निघताना ते दोन कार्बन एकमेकांना दुहेरी धरतात," त्या सावकाश म्हणाल्या, "म्हणून तिथली हायड्रोजनची पकडही सैल होते. असे दुहेरी बंध ओळीने वाढले, की रंग तपकिरी होतो."

चित्राबाई मनापासून हसल्या. "अहो, माझाही असाच जळाला. मी मात्र दुकानदारावर ढकललं! सोमवारपासून या. आणि हा टेबलक्लॉथ घेऊन या."

आता मी शाळेच्या प्रयोगशाळेत भिंतीवर असतो. दर वर्षी नव्या वर्गाला माझ्यासमोर उभं करून बाई पहिलं वाक्य सांगतात, "ही इस्त्री मी केली." मुली खुदकन हसतात आणि मग कान देऊन ऐकतात.

माझी एकच विनंती आहे. माझ्यावर दुसरा तक्ता टांगू नका, हा डाग दिसू द्या. त्याच्यामुळे आमच्या बाई शिकवायला लागल्या.