खारव्याच्या दप्तरातील चित्रे

ज्याच्यावर आपली माया असते त्याचे रक्षण करावे, हा मनुष्याचा स्वभाव आहे. परंतु रक्षण करणाऱ्याच्या हातूनच हानी घडली, तर दोष कोणाला द्यावा? मायेला दोष देववत नाही आणि हानी तर डोळ्यांसमोर असते. अशा एका प्रसंगी एक मुलगी आणि तिचे आजोबा कसे वागले, हे मी फार जवळून पाहिले आहे.

मित्रांनो, मी एक जुने दप्तर आहे. तुमच्या पाठीवर असते तसले नव्हे. दोन मोठे पुठ्ठे, त्यांवर खारवा नावाचे जाडेभरडे तांबडे कापड आणि तीन बाजूंनी बांधायच्या नाड्या, असे माझे रूप. बुधवार पेठेतील उत्तरेश्वर नावाच्या बाइंडरने मला घडवले. कसर लागू नये म्हणून त्याने चिकटवायच्या खळीत मोरचूद घातले होते. ते निळसर पाणी माझ्या अंगात मुरले, म्हणूनच मी आजवर टिकले आणि तुमच्याशी बोलू शकते.

तेथून मी एका कचेरीत गेले. गावोगावच्या शिवारांचे नकाशे माझ्या उदरात असत. हडपसरच्या बाजूचे मळे, विहिरी, ओढे, बांध, सारे मी पोटाशी धरले होते. मला सांभाळण्याचे काम धोंडिबा नावाच्या शिपायाकडे होते. सकाळी आला की तो आधी हात धुई आणि मगच माझ्या नाड्या सोडी. एका साहेबांनी एकदा विचारले, "हे दप्तर एवढं नीटनेटकं कोण ठेवतं?" धोंडिबाने नुसते पुढे होऊन हात जोडले. तो दिवस मी विसरले नाही.

पुढे नकाशे संगणकात गेले आणि मी रद्दीच्या ढिगावर. धोंडिबा त्याच वर्षी निवृत्त झाला. त्याने साहेबांची परवानगी मागून मला हडपसरच्या आपल्या घरी नेले. तेथे माळ्यावर, कुकरच्या रिकाम्या खोक्याखाली, मी अकरा वर्षे पडून होते. मला कोणी हाक मारली नाही.

गेल्या वर्षी धोंडिबाची नात तेजस्विनी बारावी झाली. तिला कला महाविद्यालयात जायचे होते. तिचे वडील म्हणाले, "हे एक वर्ष तुझं. नाही झालं तर निमूटपणे बी.कॉम.ला नाव घालायचं." प्रवेशाच्या मुलाखतीला आपल्या चित्रांचा संच न्यावा लागतो. तो संच ठेवायला आजोबांनी मला माळ्यावरून उतरवले. माझ्या अंगावरची धूळ पुसताना त्यांचा हात तसाच हलका होता. नकाशांच्या जागी आता भाजी मंडई आली, फुलवाली आली, बसथांब्यावर पेंगणारी माणसे आली. मला पुन्हा वजन आले.

मुलाखतीला बारा दिवस उरले होते. आधी एका जाणकाराचे मत घ्यावे म्हणून रविवारी कोथरूडला अक्षता मॅडमकडे जायचे ठरले होते. त्या चित्रकलेच्या निवृत्त अध्यापिका. स्पष्ट बोलण्याबद्दल प्रसिद्ध. शुक्रवारी तेजस्विनी घरी नसताना आजोबा मला काखेत घेऊन कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात गेले आणि त्यांनी माझ्यातली सगळी, बारा चित्रे लॅमिनेट करून घेतली. यंत्राच्या उष्णतेने मेणखडूची फुलवाली वितळली. तिची शेवंती आणि तिचा चेहरा एकमेकांत मिसळून गेले.

"आजोबा, हे काय केलंत?"

"पक्कं केलं. आता पानी सांडू दे, वाळवी येऊ दे, काय बी होत न्हाई!"

तेजस्विनी गॅलरीत जाऊन उभी राहिली. बऱ्याच वेळाने आत आली आणि म्हणाली, "चहा घेता का?"

रविवारी बसमध्ये मी आजोबांच्या मांडीवर होते. अक्षता मॅडमनी पहिले चित्र उचलले, खिडकीकडे तिरपे धरले आणि चष्म्यावरून पाहिले.

"ही चित्रं आहेत की जेवणाच्या टेबलावरची मॅट? आमटी सांडली तर पुसता येईल, एवढी सोय मात्र झाली आहे. कोणाच्या डोक्यातून निघालं हे?"

"माझ्याच, मॅडम," तेजस्विनी म्हणाली.

दाराजवळच्या खुर्चीतून आजोबा उठले. "पोरगी खोटं बोलतीय, बाई. ते काम माझं हाय. चौतीस वर्षं कचेरीत कागद मरताना बघितलेत मी. हात लावला की भुगा व्हायचा. हिचे तसे होऊ नयेत म्हणून..."

मॅडमनी चष्मा काढून ठेवला. त्यांचा स्वर बदलला.

"आजोबा, बसा आपण. कागद टिकवायचे असतात, हे खरं. पण परीक्षकांना हिचा हात बघायचा असतो. कुठे दाबलं, कुठे खोडलं, कुठे चुकली, ते या प्लास्टिकखालून दिसत नाही." मग त्या तेजस्विनीकडे वळल्या. "दहा दिवस आहेत. आठ चित्रं नवी काढ. घरातलीच काढ. आणि आजोबा, चित्रांच्या मध्ये घालायला बटर पेपर कापण्याचं काम आपलं."

मित्रांनो, त्या दहा दिवसांसारखे दिवस मी कचेरीतही पाहिले नव्हते. आजोबा समोर बसत आणि तेजस्विनी कोळशाने त्यांचे हात, त्यांची पाठ, त्यांच्या वहाणा काढी. बसून बसून आजोबांना डुलकी लागे. "अहो आजोबा, मान!" असे ती ओरडली की ते दचकून ताठ होत आणि म्हणत, "साहेब आले व्हय?" चित्र पुरे झाले की हात धुऊन ते त्यावर बटर पेपर ठेवीत, मात्र उघड्या कागदाला स्पर्श करीत नसत.

मुलाखतीच्या दिवशी सकाळी माझ्या नाड्या बांधण्याआधी त्यांना राहवले नाही. आपल्याच हातांचे चित्र त्यांनी दोन्ही हातांनी उचलले आणि डोळ्यांजवळ नेले. खाली ठेवले तेव्हा कडेला अंगठ्याचा काळा ठसा उमटला होता.

"आता गं? परत नासवलं मी," ते पुटपुटले.

तेजस्विनीने खोडरबर हातात घेतला, ठसा पाहिला आणि खोडरबर खिशात टाकला. "राहू द्या आजोबा. हात तुमचेच आहेत." ते चित्र तिने सर्वांत वर ठेवले.

मुलाखतीत तिघा परीक्षकांपैकी एकीने त्याच ठशावर बोट ठेवून विचारले, "हे काय?" तेजस्विनीने सगळी हकिगत सांगितली, फुलवालीसकट. कोणी हसले नाही. पंधरा दिवसांनी लागलेल्या यादीत तिचे नाव होते, खालून चौथे.

आता मी रोज तिच्याबरोबर महाविद्यालयात जाते. माझा खारवा कोपऱ्यांवर विरला आहे, एक नाडी तुटली आहे. मुलांनो, तुमच्या घरी कोणी वृद्ध हात तुमच्या कामाला जपत असतील आणि जपता जपता त्यांच्याकडून काही बिघडले, तर क्षणभर गॅलरीत जाऊन उभे राहा आणि मग आत या. कागद पुन्हा मिळतो.

तेजस्विनीच्या बोटांना कोळशाचा काळा रंग सदैव लागलेला राहो. धोंडिबांची दृष्टी तिची सारी चित्रे पाहीपर्यंत निर्मळ राहो. उभयतांचे कल्याण होवो.